पंखावरची काजळी

हसू नका, पण तारवाल्याच्या एका हाकेने माझं सगळं कॉलेजचं शिक्षण धुऊन गेलं. दादा हवाई दलात होता आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. डोंबिवलीच्या घरी मी त्याच्या विमानाची लाकडी प्रतिकृती रंगवत होते. इंजिनाच्या धुराचा पट्टा म्हणून पंखावर कंदिलाची काजळी ओढली.

"पूस ते," आप्पा म्हणाले. "जळल्यासारखं दिसतंय."

"उडणाऱ्या विमानाला धूर लागतोच, आप्पा. कुठल्या जमान्यात राहता?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "तार आहे."

आप्पा कसेबसे दाराशी गेले. मी पदराने पंख घासत सुटले, खालचं लाकूड दिसेपर्यंत.

"रविवारी येतोय," आप्पांनी वाचलं आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा वाचलं.

रविवारी दादाने विमान हातात घेतलं. "झकास. पण धूर कुठाय? हे तर उडलेलंच नाही."

आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, "मी नाही हो पुसला."