रागावून पेरलेली मिरची

तोमासा : उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, दाजी. बारा वर्षं बाहेर होतात, आणखी बारा मिनिटं थांबलात तर काही बिघडत नाही.

नेमेस्यो : अगं तोमासा, गुडघा तरी बघ माझा. भोपळा झालाय. चेतुमालपासून बसमध्ये उभा आलोय.

तोमासा : कोणी बसायला जागा दिली नाही ना? लोकांना माणूस बरोबर कळतो. ताई! ए ताई! ये इकडे, बघ दारात काय धूड उभं राहिलंय.

कासिल्दा : कशी येऊ? चुलीवर चरबी आहे, करपेल. कोण आहे?

तोमासा : तुझा नवरा.

कासिल्दा : कुठला?

तोमासा : एकच तर होता तुला.

कासिल्दा : हं. मग येऊ दे आत. फक्त अंगणात मिरच्या वाळत घातल्यात, त्यांवर पाय देऊ नको म्हणावं.

नेमेस्यो : ऐकलंस? आत ये म्हणाली!

तोमासा : ती भटक्या कुत्र्यालाही आत ये म्हणते. चला. आणि तोंड एवढं खुलवू नका, वरचे दोन दात पडलेत ते दिसतात.

नेमेस्यो : कासिल्दा, कशी आहेस?

कासिल्दा : चरबी ढवळतेय. बोल.

नेमेस्यो : शनिवारी गावच्या संताचा उत्सव. डुकराचं मुंडकं डोक्यावर घेऊन यंदा मी नाचावं असं मंडळाने ठरवलंय. मला निरोप धाडला त्यांनी, चेतुमालला! म्हणाले, नेमेस्योसारखं मुंडकं कोणी नाचवलं नाही.

तोमासा : खरंय. कुठलं मुंडकं डुकराचं आणि कुठलं तुमचं, ते लांबून कळायचंच नाही.

नेमेस्यो : तू गप गं. कासिल्दा, नऊ फेऱ्या आहेत. आणि हा गुडघा मला संडासापर्यंत जाऊ देत नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या, पट्टा दिला, वर म्हणाला, काका, नाचबिच विसरा आता. पोरगेला डॉक्टर, मिसरूड फुटलेली नाही. मी म्हटलं, तुझ्या गोळ्या ठेव तुझ्याजवळ, मी माझ्या बायकोकडे जातो. मला तुझं मिरचीचं मलम पाहिजे. ताजं, या पातेल्यातलं.

तोमासा : बायको! काय तोंड आहे हो! अहो, गावात दुसऱ्या बायका करत नाहीत का मलम? मिरची सगळ्यांच्या परसात आहे, डुक्कर सगळ्यांच्या घरी आहे.

नेमेस्यो : त्यांचं गुळमट. तुला काय माहीत नाही का? मिरची रागावलेल्या बाईने पेरायची, रागावलेल्या बाईने तोडायची, वाटताना शिव्या द्यायच्या. तेव्हा कुठे ती हाडातली कळ ओढून काढते. आणि कासिल्दाएवढी रागावलेली बाई या अख्ख्या मुलखात नाही. चेतुमालला लोक विचारायचे, नेमेस्यो, कुणाचं रे हे मलम? मी छाती काढून सांगायचो, माझ्या बायकोचं. माझ्यावरच्या रागाचं.

तोमासा : तुमच्याकडे कुठून आलं ते?

नेमेस्यो : इथला माझा दोस्त एव्हारिस्तो आणायचा. दर वर्षी दोन बरण्या. आईच्या पाठीला पाहिजे, असं सांगून न्यायचा.

कासिल्दा : त्याची आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या मातीला मी गेले होते.

तोमासा : म्हणजे तुला माहीत होतं? आणि तरी देत होतीस? ताई, कमाल आहे तुझी!

कासिल्दा : झोंबावं म्हणून देत होते.

नेमेस्यो : आणि झोंबायचं! पहिल्या वर्षी लावलं तर दुपारभर पाण्याच्या टाकीत पाय घालून रडत बसलो होतो. जिच्याबरोबर पळालो ती ओविदिया खदाखदा हसली. मी म्हटलं, हसू नकोस, हे बायकोच्या हातचं आहे. कासिल्दा, खरं सांगतो, गुडघ्याची कळ थांबायचीच, पण त्याहून मला मनात बरं वाटायचं. म्हणायचो, एवढी आग आहे म्हणजे विसरलेली नाही. आता ओविदिया पण गेली, तीन वर्षं झाली, भावाकडे. मी एकटाच. दर वर्षी बरणी उघडायची, बोटभर लावायचं, डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायचं, नेमेस्यो, तुझं घर आहे अजून.

तोमासा : ताई, ऐकतेस ना? बायको टाकून पळालेला माणूस बायकोचा राग बरणीत भरून कपाटात ठेवतो आणि त्याला घर म्हणतो. आणि आता ओविदियाही सोडून गेली म्हणून गुडघा पुढे करून आलाय. मुंडकं नाचवायला नाही आलेला हा. बिऱ्हाड घेऊन आलाय. ती पिशवी बघ, झोपायचा झुला आहे तिच्यात, दोऱ्या लोंबताहेत बाहेर.

नेमेस्यो : आणला झुला. लपवत नाही. चार दिवस टेकायला तर जागा लागेल ना? तो माझा आकडा आहे ना अजून भिंतीत, खिडकीजवळचा?

कासिल्दा : आहे. त्यावर मिरच्यांची माळ असते.

नेमेस्यो : माळ काय, काढता येते.

कासिल्दा : बस त्या पाटावर. पँट वर कर. तोमासा, हातात घालायला प्लास्टिकची पिशवी दे.

नेमेस्यो : पिशवी? पूर्वी उघड्या हाताने चोळायचीस.

कासिल्दा : पूर्वी मी पुष्कळ मूर्खपणा करायची.

(कासिल्दा त्याच्या गुडघ्याला मलम चोळते. नेमेस्यो दात आवळून, डोळे मिटून बसतो. तिघं वाट बघतात.)

नेमेस्यो : अजून थोडं लाव.

कासिल्दा : लावलं.

नेमेस्यो : दाबून चोळ ना. वाटीभर घे.

तोमासा : काय झालं? रडा ना. मी मघापासून त्यासाठीच थांबलेय.

नेमेस्यो : गार लागतंय.

तोमासा : नाटकं नका करू. आण बघू, मी जिभेवर ठेवून बघते. अगं बाई. ताई, हे तर लहान पोराच्या भातावर घालण्यासारखं आहे!

कासिल्दा : माहीत आहे मला. यंदाचं सगळं पीक तसंच आलंय. दिसायला झक्क, नारिंगी, आणि आत काही नाही.

नेमेस्यो : असं कसं? तू चुकलीस कुठेतरी. वाटताना शिव्या दिल्या नसशील. कासिल्दा, आठव जरा! मी पळालो तो दिवस आठव. तोमासाचं लग्न होतं!

तोमासा : माझं लग्न! नवरीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सगळं देऊळ मान वळवून ताईकडे बघत होतं आणि कुजबुजत होतं. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत एकाही माणसाचं तोंड सरळ नाही!

नेमेस्यो : बघ, तिला कसा राग येतोय. तुला का येत नाही?

कासिल्दा : टर्की मात्र छान शिजली होती त्या दिवशी.

नेमेस्यो : कासिल्दा, ओविदियाच्या हाताला तुझ्यापेक्षा चव होती.

कासिल्दा : बरं झालं. उपाशी नाही राहिलास.

नेमेस्यो : तुझी कानातली मी तिला दिली. ती सोन्याची!

कासिल्दा : पितळेची होती. तूच आणली होतीस मला.

नेमेस्यो : अगं पण बारा वर्षं! बारा वर्षं ती आग कसली होती मग?

कासिल्दा : शिवणयंत्राची.

नेमेस्यो : काय?

कासिल्दा : माझ्या आईचं मशीन. पायाचं. ते तू बसच्या टपावर टाकून नेलंस. बाई नेलीस ते समजलं, बाईला पाय असतात, ती आपली आपण चालत गेली. मशीन का नेलंस? त्या आठवड्यात नऊ बायकांचे सणाचे झगे माझ्याकडे अर्धे पडले होते. सगळं भरतकाम हाताने केलं. बोटं अशी सुजली की मक्याची तोर्तिया थापता येईना. मग परसात जाऊन मिरची पेरायची, आणि प्रत्येक बी मातीत खुपसताना म्हणायची, माझं मशीन, माझं मशीन.

नेमेस्यो : ते… ते आम्ही विकलं. पहिल्याच वर्षी.

कासिल्दा : विकलंच असणार.

नेमेस्यो : म्हणजे माझ्यासाठी काहीच नव्हतं त्यात?

कासिल्दा : असेल थोडं. बघायला वेळ कुठे होता? मार्चमध्ये आपल्या पोराने नवीन मशीन आणलं, विजेचं. बसले त्यावर, एक बाही जोडली. सुई अशी पळाली म्हणतोस! मग उठून परसात गेले बी टाकायला.

तोमासा : आणि गात होती! मी कुंपणावरून ओरडले, ताई, गप बस, मिरची गुळमट होईल! ऐकेल तर ना. सगळा वाफा गात गात पेरला हिने.

नेमेस्यो : मग तोमासा, तू वाट. तुझ्या परसातली मिरची आण. तुला तर आहे ना राग माझ्यावर?

तोमासा : आहे. पोतंभर आहे. पण तो मला माझ्या घरच्यांना पुरवायचाय, तुमच्या गुडघ्याला चोपडायला नाही. ताईचा गेला, माझा फुकट मागताय? लाज कशी वाटत नाही हो?

नेमेस्यो : मी शनिवारी नाचणार कसा? गाव हसेल मला.

तोमासा : गाव तेव्हापासून हसतंय. तुम्हीच नव्हतात ऐकायला.

नेमेस्यो : कासिल्दा, तू तरी एक शिवी दे मला. एकच. जुनी दे हवी तर.

कासिल्दा : पँट खाली कर, चरबी लागेल पाटाला. आणि ऐक. विहिरीपलीकडे देल्फीना राहते, निळं दार. तिचा नवरा ईस्टरनंतर पळाला, घरातला फ्रिज घेऊन. त्याच आठवड्यात तिने मिरची पेरलीय. तिचं मलम यंदा फार झोंबतं म्हणतात.

नेमेस्यो : तू मला दुसऱ्या बाईकडे पाठवतेस?

कासिल्दा : गुडघा दुखतोय ना तुझा?

नेमेस्यो : दुखतोय.

कासिल्दा : मग जा. झुल्याची पिशवी विसरू नकोस. आणि अंगणातून जपून, मिरच्यांवर पाय देऊ नकोस. भाजीला लागतील मला.