सदोबाचं बिनविम्याचं घर

टाळकरी बुवा, जरा दम धरा. हां! मंडळी, सावरून बसा. मागच्या मावशी, ऐकू येतंय ना? नसेल तर पुढं या, देवाच्या दारी रिझर्वेशन नाही! — ऐका तर!

एक प्रश्न विचारतो. आपण उठता-बसता म्हणतो, 'सगळा भार देवावर!' बरोबर? पण मंडळी, हा भार नेमका कुणाच्या खांद्यावर पडतो? देव काय बाजार समितीतला हमाल आहे, पाठ वाकवून तुमच्या दारात उभा राहायला? हसताय? हसा! पण उत्तर द्या! नाही येत? मग सदोबा शेवाळ्यांना विचारू.

कृष्णाकाठचं एक गाव. सदोबा साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. अख्खी हयात आगीसमोर गेली, पण माणूस थंड! गळ्यात माळ, एकादशी चुकायची नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कर्ज काढून त्यानं घर बांधलं. पुढं पडवी, वर मंगलोरी कौलं, भिंतींना नवरा-बायकोनं स्वतः पाणी मारलेलं. आणि निवृत्तीच्या साली कर्ज फिटलं! उताऱ्यावरचा बोजा उतरला! सदोबानं गल्लीभर पेढे वाटले.

बँकेतला साहेब म्हणाला, "काका, कर्ज होतं तोवर घराचा विमा आम्ही उतरवून घेत होतो. आता तुमचं तुम्ही बघा. पण चालू ठेवा."

सदोबा म्हणाला, "साहेब, ज्यानं घर दिलं, तोच राखील!"

वा! काय वाक्य! देवळात टाळी पडावी असं! आणि सदोबानं ते देवळात सांगितलंसुद्धा — एकदा नाही, दर एकादशीला!

घरी बायको आक्काताई. ती म्हणाली, "अहो, मग रोज दाराला कुलूप कशाला लावता? चोरांचं खातं देवाकडं न्हाई व्हय?"

"तुला न्हाई कळायचं!"

मंडळी, 'तुला नाही कळायचं' असं नवरा कधी म्हणतो? उत्तर सापडत नाही तेव्हा! बघा, बायकांची बाजू कशी माना डोलवतेय!

सदोबाच्या भिंतीला भिंत लावून घर होतं हिंदुराव सुताराचं. पुढं कारखाना, मागं बिऱ्हाड. घरात लाकूड, दारात भुसा, म्हणून हिंदुराव दरसाल न चुकता विमा भरायचा. सदोबा त्याला चिडवायचा, "हिंदुराव, तुझा भरवसा कागदावर, देवावर न्हाई!"

हिंदुराव रंधा मारता मारता हसायचा. "आण्णा, भुसा मी साठवायचा आन् राखण देवानं करायची? त्येला कशाला तरास!"

बरं! असे दिवस चालले होते. आणि फलटणला लेकीच्या घरी बारसं निघालं. सदोबा-आक्काताई गेले. नातीचं नाव ठेवलं, कानात कुर्र झालं, पंगत बसली. सदोबानं श्रीखंडाचा घास उचलला — आणि खिशात फोन वाजला! गावाकडचा तात्या.

"आण्णा, आग लागलीया! हिंदुरावाच्या कारखान्याला! तुमच्या बाजूला सरकतीया, लौकर या —"

फोन बंद! सदोबा परत लावतोय, परत लावतोय. कोण उचलणार? अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावत होती!

हातातला घास पानात पडला. दोघं तशीच निघाली. मिळाली ती एसटी धरली. सदोबानं माळ हातात घेतली, डोळे मिटले. आता नाम घ्यायचं! ओठ हलायला लागले. पण आतून काय येतंय? 'विमा न्हाई… विमा न्हाई… विमा न्हाई…' जप तोच हो, फक्त नाव बदललं!

मंडळी, हसू नका आता. त्याच्या जागी बसून बघा. तो बॉयलरवरचा माणूस. आगीची चाल त्याला पाठ! डोळे मिटले की दिसत होतं: ज्वाळा आढ्याला लागली, वासे धरले, कौलं तडकायला लागली, आता पडवी… एसटी प्रत्येक थांब्यावर उभी राहत होती, आणि सदोबाचं घर प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं जळत होतं.

शेवटी तो म्हणाला, "बोल की मला. म्हण की, मी सांगत हुते म्हणून."

आक्काताईनं त्याच्या हातावर हात ठेवला. "कशाला बोलू? घर माझंबी हाय." मग हळूच म्हणाली, "पर खरं सांगा, तुमचा देवावर भरवसा हुता, का हप्ता भरायला जिवावर येत हुतं?"

सदोबानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

फाट्यावर उतरले. गावावर धूर. सदोबा पळत सुटला! पायात चप्पल राहिली की गेली, भान नाही. गल्लीच्या तोंडाशी गर्दी. गर्दी बाजूला सारली, मान वर केली, आणि — अहो, घर उभं!

भिंती उभ्या! पडवी उभी! एका अंगाला काजळी धरलेली, कौलांवरून पाणी ठिबकतंय, पण घर उभं! सदोबा त्या चिखलात मटकन बसला. "हुश्श!" बॉयलरची वाफ सुटावी तसा श्वास सुटला. रडतोय आणि हसतोय! आक्काताईनं पुढं होऊन ओल्या भिंतीवरून हात फिरवला, तापातून उठलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा.

आणि मग सदोबानं शेजारी बघितलं.

हिंदुरावाचं छप्पर खाली आलं होतं. कारखाना कोळसा, बिऱ्हाड कोळसा.

"तात्या! माणसं? माणसं कुठं हाईत?"

"समदी भाईर हाईत, आण्णा. कुणाला खरचटलंबी न्हाई."

पुन्हा एकदा जीव भांड्यात पडला! "मग माझं घर वाचलं कसं रं?"

तात्यानं सांगितलं. कारखान्यात वायर पेटली, भुशानं आग धरली. तालुक्याहून बंब यायला वेळ. गावात पाण्याचा टँकर एकच! पोरांनी पाईप धरला हिंदुरावाच्या बिऱ्हाडावर. तेवढ्यात हिंदुरावच धावत आला आणि पाईप हिसकावून घेतला.

"हिकडं न्हाई! आण्णाच्या कौलांवर मारा! माझं गेलं तर भरून मिळंल, माझा विमा हाय! त्यांचं गेलं तर म्हातारपणी कुठनं उभं करतील?"

त्याची बायको शालन ओरडत होती, "अवो, आत पाळणा हाय!" हिंदुरावाच्या बापानं स्वतःच्या हातानं कोरलेला सागवानी पाळणा. विमा भिंतीचे पैसे देईल हो! बापाच्या हातचा पाळणा कोण देणार? पण हिंदुरावानं पाईप फिरवला नाही. आपलं घर पाठीशी जळत ठेवून तो शेजाऱ्याची कौलं भिजवत उभा राहिला!

विठ्ठल! विठ्ठल! म्हणा मंडळी, विठ्ठल!

सदोबा उठला. हिंदुराव पारावर बसला होता, तोंड धुरानं काळंठिक्कर. सदोबा समोर जाऊन उभा राहिला. त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "चल. घरी चल."

"आण्णा, घर कुठं राहिलंय?"

"ते काय, उभं हाय की! तूच ठेवलंस न्हवं?"

त्या दिवसापासून सुताराचं बिऱ्हाड शेवाळ्यांच्या घरात. एक चूल, दोन कुटुंबं. आक्काताई आणि शालन एका परातीत भाकऱ्या थापायच्या. विम्याचे पैसे मिळाले, हिंदुरावाचं घर परत उभं राहिलं. आणि सदोबा? पहिल्याच आठवड्यात त्यानं तालुका गाठला आणि घराचा विमा उतरवला!

हिंदुरावानं चिडवायची संधी सोडली नाही. "का आण्णा? देवावरचा भरवसा उडाला व्हय?"

सदोबा म्हणाला, "न्हाई रं. उलट वाढलाय. माझ्यासाठी त्यानं तुला धाडला. पर हिंदुराव, दरवेळी माझ्यापायी तुझंच घर जळायचं का?"

मंडळी, मिळालं उत्तर? देवावर टाकलेला भार देव उचलतो, शंभर टक्के उचलतो! पण उचलायला तो कुणाला धाडतो? माणसाला! शेजाऱ्याला, भावाला, लेकीला! तुम्ही म्हणता, मी देवावर सोडलं. अहो, तुम्ही शेजाऱ्यावर सोडलं! विमा हे एक उदाहरण झालं. औषध घेत नाही — देव बघेल! वाटणी करून ठेवत नाही — देव बघेल! मग कोण बघतं? सून बघते, पोरं बघतात, दवाखान्याच्या पायऱ्या तीच झिजवतात!

जे आपल्या हातानं होण्यासारखं आहे, ते आपण करावं. जे हाताबाहेर आहे, तेवढंच त्याच्या पायाशी ठेवावं, आणि मग बिनघोर झोपावं! आता घरी जाल, तर शेजाऱ्याच्या दारासमोर क्षणभर थांबा, आणि मनाशी विचारा: 'बाबा रे, माझं किती ओझं आहे तुझ्या पाठीवर?'

वाजवा टाळ! आणि आज नाम घेताना शेजारी बसलाय ना, त्याच्याकडे बघून घ्या! विठ्ठल… विठ्ठल…