दुसरी ‘ब’चा पट

हॅलो? … शाळेचं ऑफिस, व्होंडा बोलतेय. शाळा आज सुरू आहे, मुलांना लगेच… अगं, तू होय! शेरीस, ऑफिसच्या फोनवर कशाला लावतेस? … माझा मोबाइल बंद? असेल, असेल. बरं बोल, कुठं पोचलीस?

अजून जॉय रोडलाच? … का? …

काय म्हणतेस! त्या पोराच्या दारात दोन गाड्या? … दुसरी कोणाची?

हो, हो… अगं ऐक ना, हिरवा कोट घातलाय का तिनं? … मग तीच. पलीकडच्या नव्या शाळेची. गेल्या वर्षीही पटाच्या मोजणीच्या दिवशी अशीच दारोदार फिरत होती. … डोनट? गरम डोनट नि सफरचंदाचा रस, सकाळी सकाळी? लाज कोळून प्यायलेत मेले. … आपण? आपण पिझ्झा देतोय, ते वेगळं. जेवणाच्या सुट्टीत देतोय, घरी जाऊन तोंडात नाही कोंबत. … हसतेस काय? हस बाई, हस.

मग पोरगं बसलं कुठल्या गाडीत? … तुझ्या? डोनट त्यांचा खाल्ला नि बसला तुझ्या गाडीत? शाब्बास रे पठ्ठ्या! कोण, झायर ना? … काय म्हणाला? … ‘माझी मिस आली’ म्हणाला?

… आहे, आहे मी. ऐकतेय. त्याच्या नावापुढं खूण करतेय.

त्याची आई काय म्हणाली? … हो, तिनं दोन्हीकडं नाव घातलंय. इथनंही फुकटचं दप्तर नेलं, तिथनंही नेलं. … अगं, सगळेच घालतात. सरकारी पैशावरच्या या खासगी चार्टर शाळा गल्लोगल्ली झाल्यात, एकेका पोराचं नाव तीन-तीन ठिकाणी. शाळा सुरू होईपर्यंत बघत बसतात, कुठं बस मिळते, कुठं मास्तर टिकतो. … मला माहीत होतं का? … म्हणजे, ऑफिसात बसणाऱ्याला अंदाज असतोच थोडा. … उन्हाळ्यात पट भरलेलाच दिसतो गं. … हो. ‘दोन्ही तुकड्या फुल्ल आहेत, ये तू’ असंच म्हणाले होते मी. … आठवतंय. न आठवायला काय झालं?

थांब हं, सर आलेत दारात. एक मिनिट धर.

— काय सर? … हो, तिच्याशीच बोलतेय. झायर मिळाला, अजून तीन घरं राहिलीत. … नाही. नाही सांगितलं. तुम्ही काल म्हणालात ना, मोजणी होईपर्यंत शब्द काढायचा नाही, नाही काढला. … हो, रिसीव्हरवर हात आहे माझा, तिला जात नाही ऐकू. … सर, पण आज सगळी पोरं आली तरी दुसरीच्या दोन तुकड्या एक होणारच ना सोमवारी? … मग तिला असं दारोदार… … शेवटी आली ती आधी जाणार, कळतं मला. तीच अतिरिक्त. … नाही सर, कुठं काय म्हणतेय? पोरं तिच्याच हाकेला उठतात, म्हणून तिला पाठवलंत. तेच म्हणतेय. … हो. दार ओढून घ्या जाताना.

हां, हॅलो? बोल गं. … काही नाही, पिझ्झा किती मागवायचे विचारत होते. … हो, खूश आहेत तुझ्यावर. … म्हणाले ना. ‘तुझी बहीण म्हणजे सोनं आहे’ म्हणाले. … हं. मी पण तेच म्हटलं.

तुझ्या वर्गावर? मिसेस ओडमला बसवलंय. पोरं चित्र काढतायत. … तुझंच काढतायत, आणखी कोणाचं काढणार!

आता कुठं? … अमारीच्या दारात? आली का ती बाहेर? … का नाही? … आजी पाठवत नाही? बरं नाही का तिला? …

वेण्या?

अगं बाई! अर्ध्या डोक्याच्या बारीक बारीक घातल्यात नि अर्धं डोकं तसंच? … आजीचं बरोबरच आहे गं. आपल्या आईनं सोडलं असतं का आपल्याला तसं घराबाहेर? आईनं तर चर्च बुडवलं असतं, पण अर्धं डोकं घेऊन जाऊ दिलं नसतं. … मग रात्रीच का नाही पुऱ्या केल्या? … हात दुखायला लागले. हं. म्हातारं माणूस.

असं कर… अगं ऐक ना. तिच्या डोक्याला रुमाल बांध. तुझ्या गळ्यातला तो पिवळा आहे ना, तोच. आजीला सांग, इथं कोणी तो सोडणार नाही. राहिलेल्या वेण्या जेवणाच्या सुट्टीत तू घालशील म्हणावं. … ते आधीच सांगून टाकलंस? … आजी काय म्हणते? … तुझ्यावर सोडते म्हणते. दुसऱ्या कोणाच्या हातात डोकं देणार नाही म्हणते.

… हो. ऐकलं मी.

तुमच्याकडं टोलेडोच्या शाळेत हा मोजणीचा प्रकार नव्हता, नाही? … इथं असंच आहे बाई. आज जेवढी डोकी बाकावर, तेवढ्यांचेच सरकारकडनं वर्षाचे पैसे. उद्या पोरगं आलं काय नि न आलं काय, कुत्रं विचारत नाही. … हो ना. माणसं मोजायची ही कुठली रीत? … हो, मी पण याच शाळेचा पगार खाते, माहितेय. टोमणे नको मारू सकाळी सकाळी.

टिआनापण बसली गाडीत? … बरं, जेवलीस का काही? … कॉफीवर? … डोनट मागायचा होतास हिरव्या कोटवालीकडं!

आईला सोडलंस ना डायलिसिसला? … गेली नीट? … काय म्हणाली? … हो? मला नाही कधी म्हणाली असं. मला म्हणते, गाडी हळू चालव, मरायचंय का तुला. तुझ्याबरोबर गाणं म्हणते होय? … अख्खा रस्ता? … नाही, रडत नाहीये मी.

खरं सांगू? तू आल्यापासून मी झोपायला लागले, शेरीस. आठवड्यातनं तीनदा तिला न्यायचं, आणायचं, रात्री तिच्या पायांशी बसायचं, सकाळी इथं येऊन लोकांच्या पोरांची नावं लिहायची. माझ्या नाकी नऊ आले होते. … कधी बोलले नाही, हो. काय बोलायचं? तुझं तिकडं बस्तान बसलेलं. सरकारी शाळा, कायमची नोकरी, पुढं पेन्शन…

कोण? … टोलेडोहून? तुझ्या जुन्या हेडबाईंचा? … कधी? … काल आला फोन नि आज सांगतेस?

काय म्हणाल्या?

… तुझी जागा अजून रिकामी आहे? … परत घेतात? … जुनी ज्येष्ठता धरून? … अगं मग… मग तू काय म्हणालीस?

आज दहा वाजेपर्यंत कळवायचंय.

आणि काय कळवणार आहेस? … ‘नाही’ म्हणून? … का? … माझा वर्ग भरलेला आहे म्हणतेस. हं. … झायर, अमारी… हो. … आणि आई. हो. … कधी करतेयस फोन त्यांना? … आत्ता? माझा ठेवला की लगेच?

नको.

नको करू. … म्हणजे आत्ता नको. म्हणजे ‘नाही’ नको म्हणू. … अगं काही नाही झालं. … शेरीस, माझं ऐक एकदा. स्पीकरवर आहे का मी? … पोरं ऐकतायत? … मग बंद कर. हातात घे फोन. गाडी कुठं आहे? …

गेटवर?

… हो, दिसलीस. अगं, खिडकीतनं दिसतेस तू मला. चारही जणांना घेऊनच आलीस? तो चौथा कुठनं काढलास? त्याच्या बापाकडनं? … नाही, आत नको येऊ. थांब. पोरांना गाडीत बसू दे, तू खाली उतर. … उतर म्हणते ना! … हो. तिथंच उभी राहा. मी आले असते बाहेर, पण हा फोन वायरीचा, दारापर्यंत पोचत नाही. आणि खरं तर तोंडावर बोलायची छाती नाही माझी. म्हणून फोनवर.

तुझी तुकडी जाणार, शेरीस.

… सोमवारी. ‘अ’मध्ये मिसळणार. … मागनं आलीस ना तू, म्हणून नोकरी तुझीच जाणार. … नाही गं, आज कितीही आली तरी. ठरलंय ते. काल संध्याकाळीच ठरलं. … मला? … कालच कळलं.

… हो. काल रात्री तुझ्यासमोर बसून मक्याचा पाव खाल्ला नि बोलले नाही. … हो. सकाळी गाडीची किल्ली हातात दिली, तेव्हाही माहीत होतं. … सर म्हणाले होते, मोजणी होऊ दे. … तू गेली नसतीस तर ही पोरं आली नसती, म्हणून. … म्हण. म्हण काय म्हणायचं ते. तेवढी शिवी बसायलाच हवी मला.

इकडं बघू नको अशी. … बरं, बघ. बघ.

आता सगळंच सांगते. पोटात ठेवून पोट फुटायची वेळ आली. उन्हाळ्यात मी म्हटलं ना, पट भरलाय. तो पोकळ होता. मला माहीत होतं. ती नावं दुसऱ्या शाळांतही आहेत, निम्मी येणार नाहीत, मी इतकी वर्षं तेच करतेय, मला नाही कळणार? … सरांनी नाही सांगितलं खोटं बोलायला. मी बोलले. माझी मी. … कशासाठी? … आईसाठी. नाही… आईसाठी नाही, माझ्यासाठी. मी थकले होते. वाटलं, नोकरी आहे म्हटलं की तू येशील. आणि आलीस की बघू पुढचं पुढं. केसानं गळा कापला मी तुझा, आणि तू माझ्या घरात रोज भांडी घासतेयस.

शेरीस? … पाठ नको फिरवू. … शेरीस?

… काय?

… पुन्हा म्हण. गाड्यांचा आवाज येतोय.

… नुसतं ‘आईला बघायला ये’ म्हटलं असतं, तरी आली असतीस?

…

रजा घेऊन आली असतीस? नोकरी न सोडता?

… नाही. नाही विचारलं मी. विचारायला हवं होतं. मला वाटलं, नाही म्हणशील. … हो. विचारायचं सोडून खोटं बोलले. खोटं सोपं वाटलं मला.

— सर, थांबा! … दिसतायत मला पण. चौघंही दिसतायत. … होईल तुमची मोजणी. दोन मिनिटं माझ्या बहिणीशी बोलू द्या, नाहीतर तुम्हीच जा गेटवर नि बोलवा त्यांना. … नाही ना जात? मग दार लावून घ्या.

हॅलो? … आहेस ना? … हो, माझाच आवाज चढला. पहिल्यांदाच चढला त्यांच्यावर. काय उपयोग आता?

ऐक, तुला वाटत असेल तर पोरांना घरी सोड. खरंच सांगते. शाळेचं जे व्हायचं ते होऊ दे. फुकट कशाला मोजून द्यायची तू त्यांना? … हं. … हो, पिझ्झा कबूल केलाय पोरांना. … हो, त्यांचं काय चुकलं? …

उतरवतेस?

… दिसतंय. झायरच्या जॅकेटची चेन लाव, वारा आहे. … लावलीस. …

काय? … मी मोजू? … अगं मिसेस ओडम घेतील हजेरी… … मीच? … बरं. मोजते. … मोठ्यानं? …

झायर, एक. … तो चौथा, त्याच्या बापाकडचा… हो, मलिक. दोन. … टिआना, तीन. … अमारी. पिवळा रुमाल. चार.

चार.

… तू येत नाहीस आत? … नाही? … हो. नको येऊ. कुणी काही म्हणणार नाही. म्हणालं तर मी बघते.

अमारी काय विचारतेय तुला? इकडं हात करतेय. … वेण्यांचं? … मी घालीन म्हणावं. … माहितेय, आजीनं तुझ्यावर सोडलंय. तू घातल्यास तशा नाही जमणार मला, सैल होतात माझ्या. पण अर्धं डोकं घेऊन नाही पाठवणार तिला घरी. सांग तिला. … सांगितलंस? … मान हलवली. बरं.

… संध्याकाळी आईला? मी आणते. … हो, आजपासून मीच आणते. … गाणं? मला कुठं येतं तिचं गाणं? … शिकवशील? … नको, आत्ता नको बोलू ते. आत्ता नको. दहा वाजत आले, बाई. मी ठेवल्याशिवाय तुला टोलेडोला लावता येणार नाही.

… नाही, मीच ठेवते. तू नको ठेवू.

लाव त्यांना. ‘येते’ म्हण.