मागच्यासाठी आरोळी

सायकलवाल्यांची एक रीत असते बघा. पुढच्याला खड्डा दिसला की तो मोठ्याने ओरडतो, "खड्डा!" मागच्याने सावध व्हावं म्हणून. मागे वळून मात्र बघायचं नाही, तोल जातो.

देवळाली कॅम्पचा दिलीप आणि मी दरवर्षी नाशिकहून एसटीच्या टपावर सायकली टाकून कोकणात जायचो. पुढे मी, मागे तो. मी "खड्डा!" म्हटलं की तो वैतागायचा, "अरे, मला डोळे आहेत!"

पावसाळ्यात दिलीप गेला, हार्ट अटॅकने. यंदा मी एकटाच निघालो. घरचे नको म्हणत होते, पण मी ऐकतोय कुणाचं! हरिहरेश्वरकडे जाणारा समुद्राकाठचा रस्ता, त्याची तर पार चाळण झालेली.

दुपारी पुढ्यात माशांची टोपली ठेवलेली एक बाई स्कूटरवरून शेजारी आली. "काका, मगासपासून कुणाला ओरडून सांगताय? मागं कोणच नाय."

"सवय आहे!" मी तिच्यावरच खेकसलो. ती बिचारी निघून गेली.

पुढचा खड्डा आला, चांगला घमेल्याएवढा. मी तोंड घट्ट मिटून घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागे वळून बघितलं.