बारा भोकं आन एक दगड

…आन वर मलाच इचारती, 'काका, कुठून?' आता काय सांगावं राव! सत्तावीस वर्सं झाली लोखंडात, पिंपळवंडीच्या फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान, आसपासच्या गावांतली निम्मी गेटं ह्या हातची, ट्रॉल्या ह्या हातच्या, आन ही बावीस वर्सांची पोरगी, वृषाली मॅडम, नारायणगावात झेरॉक्सच्या दुकानावर माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालवती, ती मला इचारती, कुठून! मी म्हनलं, मॅडम, दीडशे. दीडशे मिलिमीटर. झालं की! न्हाई. चष्मा वर सरकवती आन म्हनती, 'दीडशे, पण कुठून, काका?'

तुमाला सांगतो, मी काय हौसेनं गेलो न्हवतो तिथं. सन दोन हजार तीन. गेटं कुनी करून घेईना, दुकानाला कुलूप लावून दुसऱ्याच्या हाताखाली जायची पाळी आलेली, आन तेवढ्यात चाकनच्या एका कंपनीचा साहेब गाडी घेऊन दारात! बोलतो कसा, तोंडात सुपारी धरल्यासारखा, 'दादाभाऊ, आमच्या मशीनखाली ही पट्टी लागते. बारा भोकं, दोन भोकांत दीडशेचं अंतर. नमुना करा, आणि सोबत कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग पाहिजे, मापं टाकलेलं. बारा बोल्ट बसले तर वर्षभराचं काम तुमचं.' वर्सभराचं! आन मला ड्रॉइंग म्हनलं की खडू म्हाईत. खडूनं पत्र्यावर वाकडीतिकडी रेघ मारायची, वर आकडा लिहायचा, आकडा खरा, रेघ गेली उडत!

पन त्या कॉम्प्युटरमध्ये उलटंच हो! तिथं रेघ खरी. मी रेघ मारली, माऊस हातात कोंबडीच्या पिल्लावानी धरलेला, दाबलं तर पळतंय, सोडलं तर पळतंय… मारली एकदाची, दीडशेची. मॅडम म्हनली, आता दोन्ही टोकांवर टिचकी मारा. मारली. तर ते यंत्र सोताच माप काढून दाखवतंय, एकशे एकोनपन्नास पॉइंट सत्त्यान्नव! माझं तोंड उघडंच! मी टेप लावला न्हाई, गुन्या लावला न्हाई, आन मी किती खोटा हे ते पॉइंटाच्या दोन घरांपर्यंत सांगतंय! सत्तावीस वर्सांत एवढं खरं मला कुनी बोललं न्हवतं, बायको धरून!

मंग काय, यडाच झालो. रोज पाचची एष्टी पकडायची, क्लासला जायाचं. जे दिसंल ते मोजायचं. स्क्रीनवर घर काढ, मोज. चूल काढ, मोज. प्रयागबाई, म्हंजे आमची मालकीन, म्हनायची, 'तिथनं येतानी जरा मिठाचा पुडा आना, का त्याचं बी माप काढताय?' मी म्हनलं, तुला न्हाई कळायचं, तिथं देव बसलाय काचंमागं!

पन ती मॅडम! तळेघरची पोरगी, शाळेला रोज दोन डोंगर चालून गेलेली, ती थकती कसली! बारा भोकांची पट्टी काढली, मापं टाकायला लागलो, की आलीच मागं, 'काका, कुठून?' म्हनलं, मागच्या भोकापास्नं. 'आणि हे?' त्याच्या मागच्यापास्नं. 'काका, सगळी मापं एका कोपऱ्यापासून द्या.' मी मनात म्हनलं, पोरी, तू अजून पत्रा तापलेला पाह्यला न्हाईस!

आन इथं माझा उस्ताद आडवा आला. गेणभाऊ. ज्यानं मला वेल्डिंगचा चिमटा धरायला शिकवला, त्यो. सत्तरीचा म्हातारा, दुकानात डब्यावर बसून असतो. त्याची शिकवन एकच, 'दाद्या, मापात सूतभर सोडत जा. जादा झालं तर घासता येतंय, कमी पडलं तर काय वडून लांब करनार हायस का?' सूत म्हंजे तीन मिलिमीटर धरा. गेटाला चालतंय वो सूत! गेटाला कोन इचारतो! तवा साहेबानं सांगितलं दीडशे, आन मी उस्तादाच्या नावानं परत्येक भोकाला टाकलं एकशे त्रेपन्न. परत्येक भोकाला, मागच्या भोकापास्नं!

गेलो चाकनला. इस्त्रीचा शर्ट. पट्टी मशीनखाली सरकवली. पहिला बोल्ट टाकला, बसला! दुसरा जरा कुरकुरला, हातोडीनं गेला. तिसरा… तिसऱ्याला भोकच न्हाई! भोक हाय, पन ते पलीकडं जाऊन हुबं! चौथं त्याच्याबी पलीकडं! आन बारावं भोक तर मशीन सोडून पार बाहेर, वाऱ्यावर! बारा भोकांमधले अकरा गाळे, अकरा सुतं, तेहतीस मिलिमीटर! साहेबानं सुपारी गिळली राव. म्हनला, 'सोमवारपर्यंत. शेवटची संधी.' मला तिथं लई लाज वाटली. पट्टी उचलली आन तडक एष्टी धरली.

मॅडमपुढं पट्टी ठिवली. वाटलं, आता ही बोलनार, सांगितलं व्हतं ना! कुठलं काय! नुसतं हळूच, 'काका, कुठून?'

आन डोक्यात उजेड पडला बघा! आजानं जमीन वाटली पाच पोरांत. पहिला वाटा माझ्या बापाचा, हद्दीच्या दगडापास्नं. बापानं आपला वाटा मोजला आन बांधाला म्हनून हातभर जादा धरला. दुसऱ्यानं बापाच्या बांधापास्नं मोजलं, हातभर जादा. तिसऱ्यानं दुसऱ्याच्या बांधापास्नं, हातभर. चौथा, हातभर. आन पाचवा आमचा भगवंतनाना, त्याचा वाटा मोजता मोजता माप गेलं वढ्यात! चार हात रान पान्यात! बत्तीस वर्सं नाना बोंबलतोय, माझं कमी भरलं, आन आमी सगळी म्हनतोय, नाना भांडकुदळ! अवं, नाना म्हंजे माझं बारावं भोक!

मी उठून हुबाच राह्यलो. म्हनलं, मॅडम, दगड पायजे! ती घाबरली. म्हनलं, तसा न्हाई, हद्दीचा! डाव्या कोपऱ्याला दगड धरला, आन सगळी बारा मापं त्या एका कोपऱ्यापास्नं. पन्नास, दोनशे, साडेतीनशे… हातभर न्हाई, सूतभर न्हाई! चुकलं तरी एकच भोक चुकतं राव, ती चूक पुढं पोरं घालत न्हाई! एवढं मोठं ग्यान, आन त्या पोरीनं दोन शब्दांत सांगितलं व्हतं, पयल्या दिवशी! मी वाकलो तिच्या पायाशी. ती म्हनती, 'अहो काका, काय करताय, तार निघेल कॉम्प्युटरची!'

सोमवारी बाराच्या बारा बोल्ट गेले. बोटानं! हातोडी पिशवीतच. साहेब बारावा बोल्ट दोनदा काढून दोनदा घालून बघतोय, आन काम आपलं झालं!

तिथं थांबावं का न्हाई मानसानं? पन मला चढलेली. त्याच कॉम्प्युटरवर शेत काढलं, दगडापास्नं मापं टाकली, प्रिंट घेऊन नानाकडं गेलो. म्हनलं नाना, तुमचं खरं व्हतं. ऐंशीचा म्हातारा, त्यो कागद छातीशी धरून बसला. डोळं भरलं त्याचं. माझंबी. म्हनलं, माझ्या बापानं घेतलेला हातभर मी उद्या सोडतो.

सोडला! सोता कुदळ घेऊन बांध अलीकडं घेतला. घरी प्रयागबाई म्हनती, 'लोकं शिकून कमावत्यात, आमचं मानूस रान घालवून आलं!' ते जाऊ द्या. संध्याकाळी नाना काठी टेकत आला. बांध बघितला. मंग मला म्हनतो कसा, 'दाद्या, तू हातभर सोडलास… त्यो तर तुझ्या शेजारच्या दुसऱ्या वाट्यात गेला. माझ्यापोतूर कवा पोचायचा?'

म्हनलं, नाना, अजून तिघं ऱ्हायल्यात. त्यांनाबी क्लासला घालावं लागंल!