जमीन हलली, पाय थांबले

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निरोप घेणाऱ्या नृत्यशिक्षिका, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, शिक्षकवर्ग, पालक आणि पडद्याआड डोळे पुसत उभ्या असलेल्या मुलींनो,

वृत्तपत्रात मी ध्वनियंत्रांवर सदर लिहितो; म्हणून वहिनींच्या घरासाठी भेट निवडायचं काम शाळेने मला सोपवलं. हे कपाटाएवढे दोन स्पीकर माझीच निवड. दुकानात वहिनी हळूच म्हणाल्या होत्या, "भावजी, छोटे घ्या हो. घरी चार पोरी शिकायला येतील, त्यांचे पाय आपोआप हलले की झालं."

मी म्हणालो, "वहिनी, पाय हलायला आधी जमीन हलली पाहिजे!"

जमीन हलली. आपण सर्वांनी अनुभवलं. पाय मात्र थांबले.

आत्ता याच स्पीकरवर झालेल्या नृत्यात मुली अडखळल्या, तेव्हा अध्यक्ष महोदय गमतीने म्हणाले, "बाईंच्या शेवटच्या दिवशी तरी तालात नाचायचं, मुलींनो!" सभागृह हसलं. मीही हसलो. वहिनींनी फक्त माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या टोमणा मारायची संधी सोडत नाहीत. आज एखादा मारला असता तर बरं वाटलं असतं.

कारण खरं काय झालं ते मला कळलं होतं. घरच्या यंत्रावर गाणं लागलं की पाय कशाने हलतात? आवाज मोठा म्हणून? छे! ढोलाची थाप जितक्या चटकन उमटते, तितक्याच चटकन मिटावी लागते. दोन थापांमधल्या स्वच्छ शांततेत पाय उचलला जातो. माझ्या या धिप्पाड पेट्या, त्यातून पोकळ लाकडी रंगमंचावर, कोपऱ्यात दडपून ठेवलेल्या! त्यांची थाप विझतच नाही. आधीचा पाहुणा दारातच गप्पा मारत उभा राहिला, तर पुढच्याने आत यायचं कुठून? तालमीत याच मुली वहिनींच्या टाळीवर बिनचूक नाचत होत्या. आज त्यांनी ठोका शोधला आणि त्यांना नुसती गुरगुर मिळाली.

यतिभंग झाला, म्हणजे श्लोकातला विराम भलत्याच जागी पडला, तर दोष कवीचा, म्हणणाऱ्याचा नव्हे. संस्कृत शिकलो आहे हे चारचौघांत सांगायला मी सहसा विसरत नाही. नेमका हसताना हा नियम विसरलो.

मुलींनो, तुम्ही चुकला नव्हतात. हे वाक्य त्या हशाच्या आधी यायला हवं होतं. या पेट्या मी बंद केल्या आहेत. त्या परत जातील आणि वहिनींना हव्या होत्या तशा छोट्या येतील. तोवर, वहिनी, तुम्ही तोंडाने तालाचे बोल म्हणाल का? अध्यक्ष महोदय, मुलींना पुन्हा नाचू द्यावं. लागेल तो वेळ माझ्या भाषणातून कापावा. श्रोत्यांची हरकत दिसत नाही.

मला इथे उभं केलंत, ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं. मी हसलो, त्याची क्षमा मात्र मुलींकडे मागतो. आणि ती लगेच मिळावी, असा माझा आग्रह नाही.