दुसरा अँटेना

हॅलो?… हो, मीच. तिचा मामा… नमस्कार, व्यवस्थापकसाहेब. एवढं मोठं नाट्यगृह वाऱ्यावर सोडून आपण स्वतः फोन केलात?… नाही, नाही, बोला ना. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो. मी रुग्णालयात आहे, भाची समोर पलंगावर आहे, शेजारी आमच्या वकीलबाई बसल्या आहेत आणि फोन स्पीकरवर आहे… हो, ऐकताहेत. लिहूनही घेताहेत. हरकत आहे?… उत्तम.

अहवाल ना? मिळाला… सही करीन हो, पण वाचल्याशिवाय सही करण्याचं वय निघून गेलं माझं. ऐका. "ध्वनितंत्रज्ञ ही बिनतारी माइकच्या रिसीव्हरचा अँटेना बसवताना शिडीवरून तोल जाऊन पडली. त्या वेळी ध्वनियंत्रणा बंद असल्याने कोणताही ध्वनिपुरावा उपलब्ध नाही. डोक्याला मार असल्याने तिचा लेखी जबाब ग्राह्य धरता येत नाही. सबब, हा तिच्याच निष्काळजीपणामुळे झालेला अपघात होय." … नाही, भाषा चांगली आहे. तीस वर्षं मी जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले, साहेब. 'सबब' दिसला की त्याच्या आधीची वाक्यं पुन्हा तपासायची, ही खोड जडली आहे.

… पाच वाजता समिती बसणार, ठाऊक आहे. मी सही केली की दोष तिचा, नोकरी तिची जाणार, आणि आपण मोकळे… बरं, "संस्था मोकळी". दुरुस्ती मान्य.

आता पहिलं वाक्य. माणूस शिडीवरून एकदा पडतो. हिचा जबडा दोन ठिकाणी मोडला आहे, तीन बरगड्या गेल्या आहेत, आणि दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला वळ आहेत. बाहेरच्या, साहेब. तोंड वाचवायला हात वर केले की मार तिथेच बसतो. पाठीवर माइकच्या स्टँडच्या तिवईचा ठसा आहे, तीनही पाय मोजून घ्यावेत असा. शिडीला तिवई असते का हो?… नाही, विचारतोय.

आवाज चढवू नका, ती दचकते… अगं, तू पडून राहा. हो, हो… ऐक ना, लिहू नकोस, पाटी ठेव खाली. मी बोलतोय ना?

हं. भांडणाचं म्हणताय? ते मला सुतारांनी सांगितलं. सगळ्यांसमोर झालं ना ते?… हो, अँटेनांवरूनच. आपल्याला ती शिंगं रंगमंचावर दिसायला नको होती. दोन्ही एकाच लोखंडी कपाटात कोंबा म्हणालात. आणि ही म्हणाली, "मग दोन कशाला, दहा लावा, उपयोग तेवढाच." सुतार हसले… हसले, एवढंच सांगतोय. तिचं चुकलं कुठे? माइकची रेडिओलहर भिंतींवर आपटून रिसीव्हरकडे दोन वाटांनी येते. एखाद्या जागी त्या दोन वाटा एकमेकींना मारतात आणि आवाज मरतो. हातभर पलीकडे तोच आवाज जिवंत असतो. म्हणून अँटेने दोन, तेही लांब लांब. ज्याला नीट ऐकू येतं त्याचंच म्हणणं रिसीव्हर घेतो. डायव्हर्सिटी म्हणतात त्याला. मी दोन प्रती घेऊन जे करत आलो, तेच ते यंत्र क्षणाक्षणाला करतं… नाही, व्याख्यान नाही. आपणच विषय काढलात.

दुसरं वाक्य घेऊ? "ध्वनियंत्रणा बंद असल्याने." आपण तेव्हा कार्यालयात होतात ना, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला?… मग बंद होती हे कळलं कसं?… बरं, "कुणीतरी सांगितलं".

चालू होती, साहेब. अँटेने बसवले की चालून बघायचं असतं. कॉलरला माइक लावायचा, मोठ्याने आकडे म्हणत कोपरा न् कोपरा फिरायचा, आणि रिसीव्हरवर जे येईल ते रेकॉर्ड करायचं. आवाज कुठे तुटतो ते मग कळतं. रेकॉर्डर तिचा स्वतःचा होता, तिच्या पिशवीतून घरी आला. काल मी ऐकला.

… ऐका तर. ती म्हणते आहे, "डावी विंग, एकतीस… बत्तीस…" तेहेतीस पूर्ण होत नाही. मागून पहिला फटका. मग चार. मारणारा बोलत नाही, नुसता धापा टाकतो. वयस्कर माणसाच्या धापा… आपल्या म्हणालो का मी?

मग पावलं दूर, रिसीव्हरच्या त्या लोखंडी कपाटाकडे जातात. किंचित खरखर. पावलं परत येतात. आणि पुढे आणखी सहा फटके. एकूण अकरा. सहाव्यानंतर ती "आई" म्हणते. नवव्यानंतर काही म्हणत नाही. मी काठीवर हात ठेवून ऐकत होतो. काठीची मूठ अजून तळहातावर उमटलेली आहे, आणि आपण आत्ता फोनच्या पलीकडे आहात हे आपलं मोठं भाग्य आहे.

… खोटं?… नाही, सगळं आहे, अकराव्यापर्यंत… अशक्य?… अशक्य का हो? पाचव्यानंतर रेकॉर्डिंग थांबलंच पाहिजे, असं का वाटतं आपल्याला?… मी मूर्ख, मान्य. मला यंत्रातलं काही कळत नाही, तेही मान्य. मग समजावून सांगा. का ऐकू येणार नाही?… ओरडा, पण सांगा…

…

…असं.

दुसरा अँटेना होता, साहेब. समोरच्या बाजूला, काळ्या पडद्यामागे. आपल्याला दिसायला नको होता ना, म्हणून तिने लपवला. आपलाच हुकूम… हॅलो?… मी काही वदवून घेतलं नाही. आपण मला यंत्र समजावत होतात… हॅलो?

ठेवला.

वकीलबाई, घेतलंत?… एक कानामात्रा बदलू नका. वेळ घाला, चार वाजून दहा मिनिटं. आता अवतरणचिन्ह द्या, त्यांचं वाक्य मी सांगतो तसं लिहा: "अरे मूर्खा, पुढचं ऐकू येईलच कसं? तिच्या कॉलरचा माइक दिसला तेव्हाच जाऊन तो अँटेना मी माझ्या हाताने उपटला होता!"